कंडोम नीट कसा वापरायचा : खरेदीपासून तपासणीपर्यंत

कंडोम वापरूनही दिवस गेले, असं सांगणारं एखादं जोडपं प्रत्येकाच्या ओळखीत असतं. मग ‘त्याचा काही भरवसा नाही’ असं ठरतं आणि पुढच्या वेळी तो वापरलाच जात नाही. आकडे वेगळं सांगतात. वर्षभर प्रत्येक वेळी आणि अचूक वापरला, तर १०० जोडप्यांमागे साधारण २ जणींना दिवस जातात. लोक प्रत्यक्षात वापरतात तसा, म्हणजे कधी राहून गेला, कधी उशिरा चढवला, कधी निसटला, असा हिशेब धरला तर हाच आकडा १३ वर जातो. वस्तू तीच असते. फरक पडतो तो वापरण्याच्या पद्धतीने, आणि ही पद्धत आपल्याकडे कुणी शिकवत नाही. शाळेत तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडतात, घरी विषयच निघत नाही आणि मित्रमैत्रिणींकडून कळतं ते अर्धवट असतं.

हे मी १८ वर्षांवरच्या स्त्री-पुरुष जोडप्यांसाठी लिहिते आहे, लग्न झालेलं असो वा नसो. मला जे तुकड्यातुकड्यांत कळत गेलं, ते तुम्हाला एका जागी मिळावं एवढीच इच्छा. शब्द सरळ वापरले आहेत, कारण आडून बोलण्यामुळेच यातला अर्धा गोंधळ होतो.

आधी जवळ काय असावं

- मुदत न संपलेले कंडोम, लागतील त्यापेक्षा दोन-तीन जास्त. एक फाटला किंवा उलटा चढला तर दुसरा हाताशी हवा.
- पाण्याच्या बेसचं ल्युब, म्हणजे कोरडेपणा घालवणारं वंगण. मेडिकलमध्ये ‘वॉटर बेस्ड जेली’ मागितली की मिळतं.
- जुना कागद आणि जवळ कचऱ्याची बादली.
- थोडा उजेड. काळोखात कंडोमची बाजू कळत नाही.
- तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचं एक पाकीट, कपाटात, आधीपासूनच. का ते आठव्या पायरीत सांगते.

१. खरेदी : पाकीट हातात घेऊन वाचा

कंडोम घ्यायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, लग्नाचा पुरावा लागत नाही. बाईने मागितला तरी दुकानदाराने द्यायचाच असतो. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ मध्ये. त्याला शंभर वर्षं उलटून गेली, तरी आजही लोक काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत थांबतात, आधी खोकल्याचं औषध मागतात आणि मग खालच्या आवाजात ‘एक पाकीट’ म्हणतात. दुकानदारही हाताला येईल ते पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून पुढे सरकवतो. इथेच पहिली अडचण होते : घेतलं काय, ते घरी जाऊन कळतं. पाकीट काउंटरवर ठेवायला सांगा आणि वाचा.

काय वाचायचं? पहिली गोष्ट, मुदतीची तारीख. दुसरी, प्रकार. सुरुवातीला साधा, वंगण लावलेला लॅटेक्सचा, म्हणजे रबराचा, कंडोम घ्या. ठिपके, रेघा, सुगंध हा आवडीनिवडीचा भाग आहे, त्यांनी संरक्षण कमी-जास्त होत नाही. ‘एक्स्ट्रा टाइम’ किंवा ‘डिले’ लिहिलेल्या कंडोमच्या आत बहुतेक वेळा बेन्झोकेन नावाचं बधिर करणारं औषध असतं. तो उलटा चढवला तर बधिरपणा बाईला येतो, म्हणून नवशिक्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. ‘नॉनऑक्सिनॉल-९’ हे शुक्राणुनाशक असलेला कंडोम टाळा. ते वारंवार वापरल्याने योनीच्या अस्तराला बारीक इजा होते आणि एचआयव्हीचा धोका उलट वाढतो.

मापाबद्दल फुकाचा अभिमान नको. पाकिटावर ‘नॉमिनल विड्थ’ म्हणून मिलिमीटरमध्ये आकडा असतो, नेहमीचे कंडोम ५३ च्या आसपासचे असतात. लांबीपेक्षा ही रुंदी महत्त्वाची. घट्ट झाला तर फाटण्याची भीती, सैल झाला तर निसटण्याची. कड आवळून दुखत असेल किंवा मधेच खाली सरकत असेल तर दुसरं माप शोधा.

पैसे हा अडथळा असेल तर सरकारी ‘निरोध’ आहे. १९६८ पासून हा कार्यक्रम चालू आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात, आशाताईंकडे आणि एचआयव्ही तपासणी केंद्रात तो मिळतो. फुकट म्हणजे कमअस्सल, हा समज सोडून द्या. तारीख आणि पाकीट मात्र तिथलंही तपासायचं.

लॅटेक्समुळे दोघांपैकी कुणाला खाज, सूज, चट्टे येत असतील तर पॉलिआयसोप्रीन किंवा पॉलियुरेथेनचे कंडोम मागा. महाग असतात आणि सगळीकडे मिळत नाहीत, पण मिळतात.

२. ठेवायची जागा

पाकिटात, म्हणजे पैशाच्या पाकिटात, कंडोम ठेवू नका. तो दिवसभर घासला जातो, दुमडतो, शरीराच्या उष्णतेत राहतो. गाडीची डिकी तर त्याहून वाईट. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत लॅटेक्सचं काय होत असेल, ते सांगायला नको. कपाटातला कोरडा, थंड कप्पा उत्तम. बाहेर न्यायचाच असेल तर छोट्या कडक डबीत, त्या दिवसापुरता.

उघडण्याआधी पाकीट दोन बोटांत दाबा. आत हवेची उशी लागली पाहिजे आणि कंडोम आत सरकला पाहिजे. हवा नसेल तर कुठेतरी छिद्र आहे, तो टाकून द्या. बाहेर काढल्यावर कोरडा, चिकट किंवा कडक लागला तरी टाकून द्या.

३. आधी एकट्याने सराव

हे वाचून अवघडायला होईल, पण ही पायरी गाळू नका. लग्नाआधी आम्ही दोघं सरकारी रुग्णालयात तपासणीला गेलो होतो. तिथल्या समुपदेशक ताईंनी टेबलाच्या खणातून लाकडी मॉडेल काढलं, समोर ठेवलं आणि एक एक कृती बोलत कंडोम चढवून दाखवला. मग दुसरा आमच्या हातात दिला आणि म्हणाल्या, आता तुम्ही. नुसतं बघताना सोपं वाटलेलं हातात घेतल्यावर तसं राहत नाही : वंगणाने बोटं घसरतात, टोक चिमटीतून सुटतं, गुंडाळी कुठल्या बाजूने उलगडते ते चटकन कळत नाही. हे सगळं त्या खोलीत झालेलं बरं. पुरुषांनी एकांतात स्वतःवर, बायकांनी केळ्यावर किंवा काकडीवर सराव करावा. बायकांनी का? कारण चढवण्याचं काम तिने केलं तरी चालतं आणि चूक होतेय का, हे दोघांनाही ओळखता आलं पाहिजे.

४. बोलून ठेवा, आणि तेही आधी

कपडे उतरल्यावर हा विषय काढला तर दोघांचंही चित्त थाऱ्यावर नसतं. दिवसा, चहा घेताना, फिरायला गेल्यावर बोला. दिवस नको आहेत का, आधी कुणाशी संबंध आले होते का, तपासणी कधी झाली, कंडोम फाटला तर काय करायचं, हे आधी ठरलेलं असावं.

नेहमी ऐकू येणारी वाक्यं आणि त्यांना देता येण्यासारखी उत्तरं :

‘तुझा माझ्यावर विश्वास नाही का?’ विश्वास आहे, पण कित्येक संसर्गांची लक्षणं त्या माणसाला स्वतःलाच जाणवत नाहीत. स्वतःला माहीत नसलेली गोष्ट तो प्रामाणिकपणे तरी कशी सांगणार?

‘मजा येत नाही.’ माप बदलून, पातळ कंडोम घेऊन, आतल्या टोकाला ल्युबचा एक थेंब टाकून बघा. खूप फरक पडतो.

‘मी बाहेर सोडतो.’ वीर्य बाहेर येण्याआधी जो चिकट स्राव येतो त्यात शुक्राणू असू शकतात आणि संसर्गही. बाहेर सोडल्याने रोगांपासून काहीच संरक्षण मिळत नाही.

‘तिचं ऑपरेशन झालंय, आता कशाला?’ यावर जरा थांबते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींनी नसबंदी करून घेतलेली होती आणि कंडोम वापरणारी जोडपी होती ९.५ टक्के. आपल्याकडे कंडोम म्हणजे मूल टाळण्याचं साधन, एवढंच रुजलं आहे. मूल नको हे पक्कं झालं की कंडोम घरातून जातो. नसबंदी, तांबी, रोजची गोळी यांतलं काहीही संसर्ग अडवत नाही. नवरा कामासाठी महिनोन्महिने बाहेर राहतो, त्याचे तिकडे संबंध येतात आणि बायकोला स्वतःच्या आजाराचा पत्ता गरोदरपणातल्या रक्ततपासणीत लागतो, अशा गोष्टी गावोगाव घडल्या आहेत. सांगलीत देहविक्री करणाऱ्या बायका १९९० च्या दशकात ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून एकत्र आल्या, स्वतः कंडोम वाटू लागल्या आणि त्याचा आग्रह धरायला शिकल्या. तो आग्रह धरण्याची मुभा संसारातल्या कित्येक बायकांना आजही नाही, हे मला फार बोचतं.

एक गोष्ट निक्षून. कंडोम वापरायचा म्हणून तिने होकार दिला असेल आणि त्याने मधेच न सांगता तो काढला, तर तो होकार तिथेच संपला. ही गंमत नाही, फसवणूक आहे.

जोडीदार तयारच होत नसेल तर बायकांसाठीचा कंडोमही असतो. तो योनीत आधीच घालून ठेवता येतो. मात्र पुरुषाचा आणि बाईचा, असे दोन्ही एकदम वापरायचे नाहीत.

५. चढवणं

सगळ्यात मोठी चूक फाटण्याची नसतेच. कंडोम उशिरा चढवला जातो, ही असते. ‘आधी थोडा वेळ तसंच, मग शेवटी घालू’ असं म्हणणाऱ्यांनी कंडोम वापरलाच नाही असं धरायचं. शिश्नाचा योनीला पहिला स्पर्श होण्याआधी तो चढलेला हवा.

क. हात कोरडे आणि स्वच्छ हवेत. पाकिटाची खाचेची कड शोधा. कंडोम बोटाने दुसऱ्या बाजूला सरकवा आणि मग फाडा. दात, कात्री, नखं काही लावू नका. अंगठीचा खडा, वाढलेली नखं यांच्याकडेही लक्ष असू द्या.

ख. बाजू ओळखा. गुंडाळीची कड बाहेरच्या बाजूने दिसली पाहिजे, टोपीची कड असते तशी. तोंडाला लावून फुगवून बघायची गरज नाही. बोटाने अर्धा इंच उलगडून पाहा, सहज उलगडला तर बाजू बरोबर.

ग. शिश्न पूर्ण ताठ झाल्यावरच चढवा. सुंता झालेली नसेल तर पुढची त्वचा मागे सरकवून घ्या.

घ. टोकाची छोटी पिशवी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हवा काढा. ही जागा वीर्यासाठी असते, तिथे हवा राहिली तर दाब पडून कंडोम फाटू शकतो. चिमूट सोडायची नाही. दुसऱ्या हाताने गुंडाळी अगदी मुळापर्यंत उलगडत न्या. अर्ध्यावर थांबलेला कंडोम निसटतो.

च. उलटा लागला आणि उलगडेना, तर तो सुलट करून पुन्हा वापरू नका. बाहेरच्या बाजूला आधीच स्राव लागलेला असतो. फेका आणि नवा घ्या. जवळ दोन-तीन जास्त हवेत म्हटलं ते यासाठी.

दोन कंडोम एकावर एक घालून दुप्पट संरक्षण मिळत नाही. ते एकमेकांवर घासतात.

६. दरम्यान

कोरडेपणा हा कंडोमचा शत्रू. घाई करू नका, तिला ओलसरपणा यायला वेळ द्या. बाळंतपणानंतर, अंगावर पाजताना आणि पाळी जाण्याच्या वयात कोरडेपणा जास्त असतो, तेव्हा ल्युब लागतंच आणि ते लागण्यात कमीपणा काही नाही.

आता आपल्या घरातली सगळ्यात मोठी चूक : खोबरेल तेल. ते प्रत्येक घरात असतं, हाताशी असतं, अंगाला सोसतं, म्हणून लोक तेच लावतात. तेल लागलं की लॅटेक्स काही मिनिटांतच कमकुवत होतं, आणि वरून बघून ते कळतही नाही. व्हॅसलीन, बेबी ऑइल, तूप, मलई, अंगाला लावायचं लोशन, मालिशचं तेल, सगळ्यांचं तेच. हाताला तेल लागलेलं असेल तर कंडोम धरण्याआधी साबणाने धुवा. बुरशीच्या संसर्गासाठी योनीत ठेवायच्या काही गोळ्या आणि मलमांतही तेलकट घटक असतात. उपचार चालू असतील तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, हे चालू असताना कंडोम टिकेल का?

बराच वेळ चाललं तर मधे एकदा हाताने मुळाशी चाचपून पाहा, कड जागेवर आहे ना. अर्ध्या तासाहून जास्त झाला तर बदललेला बरा. गुदमैथुनानंतर योनीत जायचं असेल तर नवा कंडोम घ्यायचा, यात अपवाद नाही. मुखमैथुनातही गनोरिया, सिफिलिस, हर्पिस हे गुप्तरोग पसरतात. फ्लेवरचे कंडोम मुळात त्यासाठीच असतात.

७. बाहेर काढणं

वीर्यपतन झाल्यावर लगेच, शिश्न ताठ असतानाच, कंडोमची कड मुळाशी बोटांनी धरून बाहेर यायचं. कुशीत पडून राहावंसं वाटतं, पण शिश्न सैल झालं की कंडोम आत राहतो किंवा कडेने वीर्य सांडतं. आधी बाजूला व्हा, कंडोम काढा, मग जवळ या. काढताना तिच्या अंगापासून लांब, टोक खाली ठेवून काढा. गाठ मारा, उजेडात फाटलाय का बघा, हात धुवा. त्याच रात्री पुन्हा संबंध येणार असतील तर नवा कंडोम, आणि शिश्नही पुसून किंवा धुऊन घ्यायचं.

संडासात टाकून पाणी ओतू नका, पाइप तुंबतो. घनकचऱ्याच्या नियमांत वापरलेला कंडोम सॅनिटरी कचऱ्यात मोडतो. कागदात गुंडाळून वेगळा द्या. पुण्यात कचरावेचक ताई अशा पुडीवर लाल ठिपका काढायला सांगतात, म्हणजे त्यांना ती उघडून बघावी लागत नाही. दुसरीकडे कुठे राहत असाल तरी हे करा. आपल्या कचऱ्याला कुणाचा तरी उघडा हात लागणार असतो.

८. फाटला, निसटला, राहून गेला तर

इथे घड्याळ चालू होतं. एकमेकांवर चिडण्यात वेळ घालवू नका, आणि योनी आतून धुऊ नका. धुण्याने दिवस राहायचे थांबत नाहीत आणि संसर्ग आत ढकलला जाऊ शकतो. आत राहिलेला कंडोम उकिडवं बसून स्वच्छ बोटांनी काढता येतो. नाही निघाला तर डॉक्टरकडे जा.

दिवस जाण्याची भीती असेल तर लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर तितकी परिणामकारक, म्हणून ती कपाटात आधीच असावी. चिठ्ठी लागत नाही. घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील, किंवा वजन जास्त असेल, तर ही गोळी कमी लागू पडते. अशा वेळी ५ दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, आणि तीच पुढे काही वर्षं गर्भनिरोधक म्हणून राहते. गोळी घेतल्यावर पुढची पाळी थोडी मागेपुढे होते. आठवड्याहून जास्त लांबली तर घरीच लघवीची तपासणी करा. आणि ही गोळी दर महिन्याचा उपाय नाही. तसं होत असेल तर नेहमीचं साधन निवडायची वेळ आली आहे.

एचआयव्हीची भीती असेल, म्हणजे जोडीदाराला आहे आणि उपचार चालू नाहीत, किंवा जोडीदाराची काहीच माहिती नाही, तर लागण होऊ नये म्हणून घ्यायचा ‘पेप’ नावाचा औषधोपचार आहे. तोही ७२ तासांच्या आतच सुरू व्हावा लागतो आणि २८ दिवस चुकवायचा नसतो. जिल्हा रुग्णालयातल्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवर उपचार देणाऱ्या केंद्रात, विचारा. रात्र किंवा सुट्टी असेल तर तिथल्या कॅज्युअल्टीत जा, सोमवारची वाट बघू नका. नियमित उपचारांनी ज्यांच्या रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे कमी झाला आहे, त्यांच्याकडून संबंधांतून एचआयव्ही पसरत नाही, हेही लक्षात असू द्या.

बळजबरी झाली असेल तर सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांवर मोफत उपचार देण्याचं कायद्याने बंधन आहे. पोलिसांत आधी जाऊन या, असं सांगून ते परत पाठवू शकत नाहीत.

दिवस राहिलेच आणि नको असतील, तर गावठी औषधं आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या यांच्या नादी लागू नका. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात, गर्भनिरोधक निकामी ठरलं या कारणासाठी, ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आहेत, त्यात लग्नाची अट नाही. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. १८ वर्षांवरच्या बाईला नवऱ्याची किंवा वडिलांची सही लागत नाही, तिची स्वतःची संमती पुरेशी असते.

९. कंडोम काय अडवतो आणि काय नाही

एचआयव्ही, गनोरिया, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास, हिपॅटायटिस बी, म्हणजे जे स्रावांतून पसरतात, त्यांच्यापासून नीट वापरलेला कंडोम चांगलं संरक्षण देतो. हर्पिस, सिफिलिसचा व्रण आणि एचपीव्ही (चामखिळी आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांना कारण ठरणारा विषाणू) कातडीच्या स्पर्शातूनही पसरतात. कंडोमने झाकलेल्या भागापुरता धोका कमी होतो, उघड्या भागाचा राहतो. म्हणून जननेंद्रियावर जखम, फोड किंवा चामखिळीसारखे कोंब दिसत असतील तर कंडोम असला तरी संबंध टाळा.

एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्यावर लस आहे. एचपीव्हीची पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ पासून मिळते, ती ९ ते २६ वयापर्यंत देतात. तिशीनंतर बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी, सरकारी आरोग्य केंद्रांत ती मोफत होते.

लक्षणं कोणती? लघवीला जळजळ, शिश्नातून पू, अंगावरून वेगळ्या रंगाचं किंवा घाण वासाचं जाणं, जांघेत गाठ, ओटीपोटात दुखणं, न दुखणारा व्रण. तो न दुखणारा व्रण आपोआप बरा होतो आणि लोक निर्धास्त होतात. सिफिलिस मात्र आत चालूच असतो. बायकांमध्ये क्लॅमिडिया आणि गनोरिया अनेकदा काहीच जाणवू न देता राहतात आणि पुढे गर्भनलिका बंद होण्याचं कारण ठरतात. मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षं बोल ऐकणाऱ्या बायकांपैकी काहींच्या दुखण्याचं मूळ नवऱ्याकडून आलेल्या या संसर्गात असतं.

‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ अशा भिंतीवरच्या जाहिरातवाल्यांकडे जाऊ नका. मेडिकलवाल्याला विचारून दोन गोळ्या घेणं तितकंच वाईट, कारण अर्धवट औषधाने जंतू दबतात, मरत नाहीत. आणि उपचार दोघांनी एकाच वेळी घ्यायचे. एकट्याने घेतले तर तोच संसर्ग पुन्हा परत येतो. उपचार पूर्ण होऊन डॉक्टर सांगेपर्यंत संबंध नकोत.

१०. तपासणी : कुठे, कशी, काय कागद

एचआयव्हीसाठी सरकारी रुग्णालयातलं आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणीचं केंद्र. गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’, जिल्हा रुग्णालयांत आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत असतं. दोन्ही मोफत. जवळचं केंद्र कळत नसेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा.

सोबत काय न्यायचं :

- केसपेपर काढायला एखादं ओळखपत्र, आणि चालू असलेला मोबाइल नंबर.
- आधीचे रिपोर्ट आणि चालू औषधांची नावं.
- शेवटच्या पाळीची तारीख, आणि भीती वाटणारा संबंध कधी आला ती तारीख.
- जोडीदार, शक्य असेल तर. लग्नाचा दाखला वगैरे कुणी मागत नाही.

आत गेल्यावर आधी समुपदेशक बोलतात, मग संमतीची सही घेतात, मग रक्त. खोलीचं दार बंद असतं. प्रश्न सरळ विचारतात : किती जोडीदार, कंडोम वापरला का. उत्तरं खरी द्या, त्यावरच कुठली तपासणी करायची ते ठरतं. पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली तरी तेवढ्यावर निदान होत नाही, आणखी वेगळ्या तपासण्या करूनच पक्कं सांगतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार, काही ठरावीक अपवाद सोडले तर, संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. ओळखीचं कुणी तिथे काम करत असेल म्हणून भीती वाटत असेल तर शेजारच्या तालुक्याला जा, तुमच्याच गावच्या केंद्रात जायचं बंधन नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या. संबंध आला आणि दुसऱ्याच दिवशी तपासणी केली, तर निगेटिव्ह रिपोर्टला अर्थ नाही. एचआयव्ही रक्तात दिसायला वेळ लागतो. सहा आठवड्यांनी एकदा आणि तीन महिने झाल्यावर पुन्हा तपासा, आणि तोवर कंडोम चालू ठेवा. एचआयव्हीबरोबर सिफिलिस आणि हिपॅटायटिस बीची तपासणीही तोंडाने मागून घ्या, ती दर वेळी आपोआप होतेच असं नाही.

नव्या जोडीदाराबरोबर कंडोम सोडायचा विचार असेल तर क्रम असा : दोघांची तपासणी, मधल्या तीन महिन्यांत कंडोम चुकवायचा नाही, पुन्हा तपासणी, दोघांचे रिपोर्ट दोघांनी समोरासमोर वाचायचे आणि मूल नको असेल तर दुसरं साधन त्याआधीच सुरू झालेलं हवं. रोजची गोळी सुरू केली असेल तर पहिला आठवडाभर कंडोमही लागतो. तांबी बसवली असेल तर ती त्याच दिवसापासून काम करते.